काठाने गेलेली परडी

हे लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारण्याआधी मीच स्वतःला विचारून पाहिले, आणि उत्तर काही सापडले नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीवर अक्षर काढलेले नाही. माझे वडील सहीच्या जागी नांगराची खूण काढतात. कॉलेजात दोन वर्षे बसलो एवढ्यावर चार लोकांपुढे मन मोकळे करावे, हा उद्धटपणाच आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. माझ्या आईला वाचता येत नाही याचे मला नेहमी वाईट वाटत आले. आज हे लिहिताना मात्र, ती हे कधी वाचणार नाही या भरवशावरच मी हात चालवतो आहे.

पुण्यात वैशाख लागला आहे. या सुटीत एका वकिलांच्या मुलांना शिकवायचे कबूल केल्यामुळे मला घरी जाता आले नाही. संध्याकाळी मुठेच्या काठी जातो. पाणी हटले आहे, खडक उघडे पडले आहेत, आणि वारा पडला की काठावरून एक कुबट वास येतो. माझ्या सोबतचे विद्यार्थी नाकाला रुमाल लावतात. मी लावत नाही. मला त्या वासाने घर आठवते, हे त्यांना सांगायला मात्र लाज वाटते.

आणि यंदा तो वास आला की घरची काळजीही लागते. दोन आठवड्यांपूर्वी कर्जतहून आलेला एक ओळखीचा माणूस सांगून गेला, की वरच्या गावांत पुन्हा पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लागण आहे. घरी पत्र टाकले. उत्तर नाही. रोज डाकवाल्याची वाट पाहतो.

आमचे गाव कर्जतच्या वर, घाटाच्या अगदी पायाशी. राजमाचीच्या डोंगरांतून उतरलेली उल्हास नदी आमच्या शेतांना खेटून जाते. पावसाळ्यात तिच्याकडे बघवत नाही. एका रात्रीत ती बांध गिळते आणि सागाची अख्खी झाडे काडीसारखी नेते. पण वैशाखात तीच नदी तुटते. इथे एक कोंड, म्हणजे साचलेला डोह, मग वाळू, मग वीतभर पाण्याची धार, मग दुसरी कोंड. प्रत्येक कोंडीला नाव आणि प्रत्येक कोंडीला गाव. ‘आमची कोंड’ म्हणायची सवय इतकी, की तिच्यातले पाणी कुठून आले आणि पुढे कुठे जाते याचा विचार कोणी करत नसे. मीही केला नव्हता.

भात निघाल्यावर आम्ही शेतात ताग पेरत असू. त्याच्या पेंढ्या वैशाखात कोंडीत दगडांखाली दाबून ठेवायच्या. आठ-दहा दिवसांत साल कुजून सुटते, मग सोलून, आपटून, धुऊन दोरे करायचे. समुद्राकडचे कोळी जाळ्यांसाठी ते चौक गावच्या बाजारातून उचलत. ताग कुजला की पाणी काळे होई, मासे पांढरी पोटे वर करून तरंगत, आणि सगळ्या गावावर तो आंबट वास बसे. त्याच कोंडीच्या एका कडेला म्हशी, दुसऱ्या कडेला धुणे, आणि वाळूत हातभर खणलेल्या झऱ्यावर बायकांचे हंडे. मयतांची राखही तिथेच. घाण केली असे कोणाच्या मनातही नव्हते. आई सगळे पोटात घेते, तशी नदी घेते, एवढेच.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी सुटीला घरी होतो, तेव्हा सरकारने त्या नदीत लक्ष घातले.

लक्ष घातले म्हणजे एक माणूस आला. आरोग्य खात्याचा कारकून, पन्नाशीचा, उन्हाने डोळे आलेले, पायाला कुरूप म्हणून लंगडत चालणारा. त्याच्यापाशी एक पेटी, आणि पेटीत काचेच्या बाटल्या. बाटलीच्या गळ्याला दोरा बांधून ती तो कोंडीत सोडी, भरून वर काढी, उन्हात धरी आणि वहीत काहीतरी लिही. तासाभरात गावाने त्याचे नाव बाटलीराव ठेवले.

“सरकारला तान लागली वाटतं,” राघू म्हणाला. राघू हा आमच्या गावचा गावकामगार. सरकारी माणसांचे सामान एका गावाहून दुसऱ्या गावी डोक्यावर पोचवायची वेठ पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे होती. त्याचे केस टाळूवर ओझ्याने झिजले होते. जीभ मात्र झिजली नव्हती.

“तान लागली तर बरंच की,” कोणीतरी म्हणाले. “प्येला की कळंल, ताग कसा लागतो ते.”

हशा पिकला. बाटलीरावही हसले. मी कॉलेजात आहे हे कळल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि बाटली हातात दिली. “काय दिसते?”

मी खूप पाहिले. “काही नाही.”

“मलाही नाही,” ते म्हणाले. “तेच भय आहे.”

त्यांनी नदीचा कागद पसरला. त्या कागदाने मी जसा हादरलो, तसा नंतर कुठल्याच पुस्तकाने हादरलो नाही. डोंगरापासून खाली, कर्जत, नेरळ, आणि त्याच्याही पुढे खाडीपर्यंत, एक निळी रेघ. तिच्या दोन्ही काठांना ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक गाव. आमची कोंड त्या कागदावर नव्हतीच. होती ती एक सलग नदी. मी माझ्या गावाच्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि खाली नेले. तिसऱ्या ठिपक्यावर माझे बोट थांबले. ते माझ्या बहिणीचे, जनाबायचे सासर. आम्ही ज्याच्यात म्हशी धुतो, ते माझी बहीण पिते. इतकी साधी गोष्ट मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एका परक्या माणसाच्या कागदाने सांगावी!

हुकूम असा होता. प्रत्येक गावाने काठावर चुन्याने रंगवलेले तीन दगड रोवायचे. वरच्या दगडापाशी पिण्याचे पाणी, मधल्यापाशी धुणे, खालच्यापाशी गुरे. ताग वाहत्या पाण्यात नाही, काठापासून दूर खड्डा खणून त्यात. आजाऱ्याचे कपडे, अंथरूण, काहीही नदीत नाही. आजार झाला तर कचेरीला कळवायचे, पुढचे सरकार बघेल.

मी भीत भीत विचारले, “आमचा खालचा दगड म्हणजे पुढच्या गावाचा वरचाच नाही का?”

बाटलीरावांनी दोन ठिपक्यांमधल्या रेघेवर बोट ठेवले. मग म्हणाले, “मधे ऊन आहे, वाळू आहे, मैलभर वाट आहे. तेवढ्याने भागते का, मला माहीत नाही. मोठ्या साहेबांनाही माहीत असेल असे वाटत नाही. पण सगळ्या गावांनी एकदम केले तर काहीतरी होईल.” सरकारी माणसाने ‘माहीत नाही’ म्हटलेले मी पहिल्यांदा ऐकले. त्यामुळेच बहुधा माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

माझ्या वडिलांनी चावडीवर हुकूम ऐकला. घरी येऊन कुदळ घेतली आणि तीन दिवस खड्डा खणला. कोंडीत दाबलेल्या पेंढ्या ओल्याच्या ओल्या वर काढून त्यात टाकल्या, आणि कावडीने पाणी वाहून तो भरला. मी मदतीला गेलो तर म्हणाले, “तू लिव्हायचं बघ. ह्ये वास मारतं.”

आता जे सांगायचे ते सांगताना पेन अडखळते.

त्याच्या आदल्या वर्षी, मी पुण्यात असताना, गावात पटकी झाली होती. माझी आई तिच्यातून वाचली. अशा वेळी आमच्याकडे रीत आहे. मरीआईची परडी भरतात. वेताच्या सपाट टोपलीत देवीची लाकडी बाहुली, हिरव्या बांगड्या, कुंकू, लिंबू, दहीभात. ज्या ज्या घरात आजार झाला त्या त्या घरातले आजाऱ्याच्या अंगावरचे एक वस्त्र त्यात घालायचे, म्हणजे देवी आपले जे आहे ते घेऊन जाते. मग ती परडी नदीत सोडायची. ती पुढच्या गावाच्या काठाला लागली की तिथल्या बायकांनी तिला हात लावून, कुंकू घेऊन, पुढे ढकलायचे. असे करत देवी गावोगावच्या शिवा ओलांडून समुद्राला जाते. परडीतले काही काढून घ्यायचे मात्र नाही. त्या वर्षी आईचे हिरवे लुगडे परडीत गेले. आई बरी झाली. आणि महिन्याच्या आत जनाबायचा दीड वर्षाचा मुलगा पटकीनेच गेला. आमच्या घरात या दोन गोष्टी एका दमात कोणी कधी बोलले नाही.

बाटलीराव निघून गेल्याला पंधरा दिवस झाले नसतील, गावात दोन घरांना पटकी लागली. चावडीवर माणसे जमली. परडी भरून ठेवलेली. आणि पंचाईत अशी, की नदीत काही टाकायचे नाही असा हुकूम.

पाटील म्हणाले, “त्यो बाटलीराव काय बोललावता? आजार झाला तर नदीत टाकू नका, आमाला कळवा, फुडचं सरकार बघंल. बोललावता का नाय?”

“बोललावता,” सगळे म्हणाले.

“मग देवी सरकारकडंच द्यायची. त्येनला जिम्मा पायजे तर घेऊ दे.”

आता वस्तू सरकारकडे कशी द्यायची, याची आमच्या भागात एकच पद्धत. गावाने गावाला पोचवायची, डोक्यावरून डोक्यावर, पाटलाच्या चिठ्ठीनिशी. साहेबाचे तंबू, पेट्या, खुर्च्या अशाच जातात. मग देवी का नाही? पाटलांनी माझ्याकडे पाहिले. मी कॉलेजातला विद्यार्थी, मी कागद घेतला आणि लिहिले : ‘मरीआई, एक परडी, वस्त्रांसह. मुक्काम कर्जत कचेरी. गावोगाव पोचवावी. पोच मिळावी.’

हे लिहिताना मला हसू आले नाही. चूक आहे हे मला समजत होते, पण कुठे चूक आहे ते बोट ठेवून सांगता येत नव्हते. आणि खरे सांगायचे तर मला फक्त निळी रेघ दिसत होती. परडी पाण्यात नाही, काठाने जाणार, एवढ्यावर मी समाधान मानले.

राघूने परडी डोक्यावर घेतली. “साह्यबाचा पलंग वाह्यला, साह्यबाचं कुत्रं वाह्यलं,” तो म्हणाला. “आता साह्यबाला देवी न्हेऊन देतो. बघू बक्षीस काय गावतं.” त्याच्या मागे देवीचा भगत, पाटलांचा भाऊ आणि चिठ्ठी घेऊन मी. सकाळची वेळ. वाळू अजून तापली नव्हती.

पहिल्या गावाने आमचे तोंड पाहिले, चिठ्ठी पाहिली, आपल्याकडच्या बांगड्या घातल्या आणि पाटलाची निशाणी करून दिली. त्यांच्या माणसाने परडी घ्यायला नको म्हटले, तेव्हा राघूच पुढे चालला. दुसऱ्या गावातही तसेच. पण जनाबायच्या गावाच्या शिवेवर दहा-बारा माणसे काठ्या घेऊन उभी होती. बातमी आमच्या पुढे पळाली होती.

“थांबा तितंच. पाय नाय टाकायचा शिवंत.”

“सरकारची चिठ्ठी हाय,” मी म्हणालो.

“चिठ्ठी ठेव खिशात. तुमचा रोग आमच्या गावातनं नेता? देवी पान्याची हाय, पान्यातनं जाऊ द्या. सोडा हितं.” आणि एकाने काठीने दाखवले. नदी तिथून दहा पावलांवर होती. धार बारीक, पण वाहती.

राघू मान ताठ ठेवून उभा. परडी खाली टेकवायची नाही अशी रीत. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि त्याला पुसता येत नव्हता. “रं दादांनो,” तो म्हणाला, “भांडा, पन बेगीनं भांडा.”

भगताचा धीर सुटला. तो म्हणाला, “सोडूच या. आजवर सोडतच आलो.” पाटलांचा भाऊ माझ्याकडे बघू लागला. जे मला निळ्या रेघेवर इतके स्पष्ट दिसले होते, ते या माणसांना सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती.

तेवढ्यात मला जनाबाय दिसली. ती वरच्या दगडापाशी पाणी भरत होती. सातवा महिना होता तिला. कमरेवरचा हंडा तिने वाळूत ठेवला आणि घोटाभर पाण्यातून चालत बरोबर आमच्या समोर येऊन, धारेत उभी राहिली.

“सोडा,” ती गावकऱ्यांना म्हणाली. “मी हितंच हुबी हाय. गेल्या खेपंला बी हितंच हुबी होते.”

मग ती माझ्याकडे वळली. आवाज खाली आला, पण नदीकाठी सगळे ऐकू येते.

“दादूस, गेल्या खेपंला परडी हितं लागली, तवा तिच्यात आयचं लुगडं होतं. हिरवं. काठावरनं वळखलं मी. आय आजारी होती ते मला कोनी कळवलं नव्हतं रं. आजाऱ्याचं आसंल ह्ये मनात बी आलं नाय, वाटलं, म्हायेरचं आलं. देवीनंच धाडलं. देवीचं काडू नये, म्हाईत हाय मला. पन आयचं होतं. मी काडलं, धुतलं आन पोराला त्याची गोधडी शिवली.”

तिने पदर कमरेला खोचला, पण धारेतून हलली नाही.

नदी तिच्या घोट्यांना लागून वाहत होती. मी इतकी वर्षे नदी पाहिली, पूर पाहिले, पण पाण्याचे इतके भय आणि पाण्याबद्दल इतका आदर मला त्याआधी कधी वाटला नव्हता. एवढीशी धार. तिने लुगडे आणले, मायाही आणली आणि मरणही, आणि कशातच फरक केला नाही.

काठीवाल्यांपैकी एकाने काठी खाली ठेवली. तो जनाबायचा नवरा होता. त्याला ही गोष्ट त्याच क्षणी कळली असावी, असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले. तो राघूपुढे आला, स्वतःचे मुंडासे सोडून त्याची चुंबळ केली, आणि म्हणाला, “द्या हिकडं.”

राघूने आयुष्यात पहिल्यांदाच, मला वाटते, ओझे कोणा शेतकऱ्याच्या डोक्यावर दिले. “संबाळून,” तो म्हणाला. “मान हलवली तर देवी बोलत नाय, पन मान बोलती.”

निघताना जनाबाय मला म्हणाली, “आयला सांगू नको.” मी मान हलवली. आजवर सांगितले नाही.

कर्जतला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. आमच्या मागे तोवर पाच गावची माणसे होती, आणि परडी बांगड्या-वस्त्रांनी शिगोशीग भरली होती. कचेरीतले लोक बाहेर आले आणि पोट धरून हसले. “रावसाहेब, टपाल आलं तुमचं! देवी कुठल्या सदरात घ्यायची?”

बाटलीराव लंगडत आले. त्यांनी माझी चिठ्ठी वाचली. तिच्यामागच्या पाच पाटलांच्या निशाण्या पाहिल्या, नांगर, कट्यार, अंगठा. माझे कान तापले. आता ते रागावतील, किंवा हसतील, आणि दोन्ही योग्यच. त्यांनी नुसते विचारले, “वाटेत कुठे पाण्याला लागली?”

“नाही,” मी म्हणालो.

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

त्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या. दोन्ही हातांनी परडी घेतली. “आवक सदरात घ्या,” ते हसणाऱ्यांना म्हणाले, आणि चिठ्ठीखाली स्वतःच्या हाताने लिहिले : ‘पोचली.’

वस्त्रे त्यांनी कचेरीमागे खड्ड्यात चुना घालून जाळली, आणि जाळताना भगताला मंत्र म्हणू दिले. बाहुली मात्र जाळली नाही. ती त्यांनी नदीच्या काठी, कर्जतच्या वरच्या दगडापाशी, चिंचेखाली बसवली. “हिला पाण्यात सोडायची नाही,” ते म्हणाले. “हिने पाणी राखायचे.” हे हुकुमात नव्हते. त्यांनी ते कुठून आणले, मला माहीत नाही. पण पाच गावांची माणसे वाळूवर गुडघे टेकून बसली आणि मीही बसलो. मी कॉलेजात शिकतो, माझा अशा गोष्टींवर विश्वास नसावा अशी अपेक्षा असते. त्या वेळी मी कशापुढे वाकलो, देवीपुढे की त्या कागदावरच्या निळ्या रेघेपुढे, मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या वर्षी जनाबायच्या गावात पटकी झाली नाही. परडीमुळे की दगडांमुळे की नुसत्या योगाने, बाटलीराव असते तर ‘माहीत नाही’ म्हणाले असते. आषाढात तिला मुलगी झाली. पण एका वर्षाने काय सिद्ध होते? लोक एकदा ऐकतात. भीती पुन्हा आली, आणि काठी दाखवणारा पुन्हा भेटला, तर? नदी दहा पावलांवरच असते. रोज डाकवाल्याची वाट पाहताना मी एवढाच विचार करत होतो.

काल पत्र आले. वडिलांनी सांगितलेले, शाळामास्तरांच्या हातचे. ते थोडक्यात असे.

गावात चार घरांना पटकी लागली. परडी भरली, काठाने निघाली. गावोगाव कोणी अडवली नाही. कर्जतला पोचली, तर बाटलीरावांची बदली झालेली. नवे कारकून म्हणाले, असा कोणताही हुकूम दप्तरात नाही, हे घेऊन चालते व्हा. राघू परडी मांडीवर घेऊन चिंचेखाली बसला. जमिनीला टेकवायची नाही म्हणून माणसे पाळीपाळीने मांडी देत होती. तीन दिवस बसली. नदी समोर वाहत होती. कचेरीचा शिपाई येऊन सांगून गेला, अरे, सोडा की पाण्यात, कोण बघतंय. राघू म्हणाला, “पोच दिल्याबगर उठनार नाय.” चौथ्या दिवशी नवे कारकून स्वतः आले, खड्डा खणवला आणि सही दिली.

आमच्याकडची आजारी माणसे आता उठली आहेत. खालच्या गावांत लागण नाही.

पत्राच्या शेवटी जनाबायचा निरोप होता, मास्तरांनी तो तिच्याच शब्दांत उतरवला आहे : “दादूस, पोरगी रांगती. हंडा भरायला गेले की वरच्या दगडापाशी माझ्या म्होरं पान्यात जाऊन बसती. हातानं पानी तोंडात घालती. मी तिचा हात धरत नाय.”